आधी मांडी, मग मेंदू

दर जूनमध्ये डोंबिवलीत सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक हमखास खाली पडते. कानाला हेडफोन लावलेले गुटगुटीत बाळ, डोक्याभोवती उडणारे स्वर, ‘मेंदू घडवण्याची हीच ती वर्षे’ अशा आशयाचा मजकूर आणि तळाला तीन महिन्यांची फी. गेल्या काही वर्षांत तर पोटातल्या बाळासाठीही वर्ग निघाले आहेत. अभिमन्यूची गोष्ट त्यांच्या जाहिरातीत असतेच. तो चक्रव्यूहात अडकला होता, हे मात्र तिथे कुणी छापत नाही.

बाळाचा कान आईच्या पोटातच जागा होतो, पहिल्या काही वर्षांत मेंदूची जुळणी झपाट्याने होते आणि त्या काळात कानावर पडलेले पुढे उरते, हे दिवाळी अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. प्रश्न एवढाच आहे, की कानावर काय पडले, कुणाच्या तोंडून पडले आणि तेव्हा बाळ होते कुठे. प्राथमिक शाळेत संगीत शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्तीनंतर घरच्या दिवाणखान्यात शिशूंचा तालवर्ग घेते. तेव्हा पुढचा आढावा तटस्थ असेल अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

मोझार्ट ऐकवून बाळ हुशार करण्याचे प्रकरण एका दमात उरकते. १९९३ साली ‘नेचर’मध्ये फ्रान्सिस राउशर, गॉर्डन शॉ आणि कॅथरिन काय यांचे छोटेसे टिपण आले. कॉलेजातल्या ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठीचा सोनाटा दहा मिनिटे ऐकवला. घडी घालून कापलेला कागद उलगडला तर कसा दिसेल, या जातीच्या कोड्यांत ते थोडे पुढे गेले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरलाही. त्यात बाळ एकही नव्हते. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी संगीताची ध्वनिफीत पाठवण्यासाठी एक लाख पाच हजार डॉलर मागितले. पुढे कुणी मोझार्टऐवजी स्टीफन किंगची गोष्ट ऐकवून पाहिली. ज्यांना गोष्ट अधिक आवडली त्यांना गोष्टीने तेवढाच फायदा झाला. म्हणजे मन उल्हसित झाले की कोडी बरी सुटतात. २०१० साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुमारे चाळीस अभ्यास एकत्र तपासले, आणि मोझार्टच्या अंगी अशी काही खास करामत नाही, असा निकाल दिला.

हे सगळे जगजाहीर असताना आमच्याच क्षेत्रातले एक मान्यवर (नाव घेत नाही, दिवाळी आहे) दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात मोझार्टच्या जागी यमन बसवून तोच लेख लिहितात. अमुक प्रहरी अमुक राग लावला की बाळाचे गणित पक्के, तमुक रागाने स्मरणशक्ती तल्लख. पुरावा विचारला की ‘आपल्या ऋषिमुनींना ठाऊक होते’. यमनवर माझे प्रेम त्यांच्याइतकेच आहे, म्हणूनच त्याला शिकवणीला लावलेला मला बघवत नाही.

बुद्ध्यंकाचा इतिहासही फार रेंगाळण्यासारखा नाही. टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ साली सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. कुणाला कीबोर्ड, कुणाला गाणे, कुणाला नाटक, आणि एका गटाला काहीच नाही. वर्षाअखेर सगळ्यांचाच बुद्ध्यंक वाढला होता. संगीतवाल्यांचा सरासरी सात गुणांनी, इतरांचा चारच्या आसपास. नाटकवाली मुले वागण्या-बोलण्यात सुधारली, ते मात्र कुणी पत्रकावर छापत नाही. २०१३ साली सॅम्युअल मेर यांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर काटेकोर चाचण्या घेतल्या, तेव्हा भरवशाचा म्हणावा असा फायदा हाती लागला नाही. २०२० साली साला आणि गोबे यांनी ५४ अभ्यास आणि सातेक हजार मुलांचा हिशेब मांडला. जितका अभ्यास काटेकोर तितका परिणाम शून्याजवळ, असे त्यातून निघाले. मेंदूच्या छायाचित्रांत फरक दिसतो हे खरे. सात वर्षांच्या आत वाद्य हाती घेतलेल्या वादकांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल पुढच्या बाजूला जाड असतो, हे श्लॉग यांनी १९९५ मध्येच दाखवले होते. पण पूल जाड म्हणून भूमितीत मार्क जास्त, हा हिशेब त्यात कुठेच नाही. गाणे शिकल्याने गणित सुधारते या आमिषाने आमच्या वर्गांत जेवढी मुले आली, तेवढीच पहिल्या चाचणी परीक्षेनंतर गळाली. मला त्याचे फारसे दुःख झाले नाही.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. ‘आधी ताल, मग स्वर’ हा माझा जुना हेका आहे, आणि त्यापायी स्टाफरूममध्ये मी पुष्कळ वाद घातले आहेत. चार वर्षांच्या पोरापुढे पेटी ठेवायची आणि ‘सा’ लाव म्हणायचे, तो लागला नाही की आईला सांगायचे ‘याला सूर नाही’, ही पद्धत मला कधी पटली नाही. सूर धरायला कंठ तयार व्हावा लागतो. लय धरायला अंग पुरते, आणि अंग बाळ जन्मालाच घेऊन येते.

विज्ञान या हेक्याच्या बाजूला फार उशिरा आले, पण आले. २००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्सच्या मंडळींनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि अधूनमधून त्यातला सुरुवातीचा ठोका गाळला. आपल्या भाषेत, सम गाळली. तेवढ्या वेळी बाळाच्या मेंदूत वेगळी लहर उठली. दुसरा एखादा ठोका गाळला तर तशी उठत नव्हती. ज्याला अजून आईचा चेहरा नीट दिसत नाही त्याला सम कळते!

त्याआधी, २००५ साली, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी केलेला प्रयोग तर मी प्रत्येक पालकसभेत सांगते. सहा ठोक्यांचा एक ठेका घेतला, कुठेही जोर नसलेला. सात महिन्यांची बाळे हातांत धरून त्यावर झुलवली. काहींना दर दुसऱ्या ठोक्याला उचलले, काहींना दर तिसऱ्या. नंतर दोन्ही तऱ्हेचे जोर दिलेले ठेके ऐकवले, तर ज्या बाळाला जसे झुलवले होते तोच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिले. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी तेच. पण बाळाला नुसते बसवून दुसऱ्या कुणाला झुलताना दाखवले, तर काही उपयोग झाला नाही. दादऱ्याच्या सहा मात्रा दोन-दोनच्या की तीन-तीनच्या, हे बाळ कानाने ठरवत नाही, मांडीवर ठरवते. आपल्याकडच्या आज्या बाळाला पायांवर घेऊन जे करत आल्या त्याला आता ‘सायन्स’ या नियतकालिकात जागा मिळाली आहे, आणि दुसऱ्याला झुलताना नुसते दाखवून आपले बाळ तालात येत नाही, हेही त्याच पानांत आले आहे.

याहून मोठी गोष्ट विषम मात्रांची. भाषेबाबत एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना आपल्या हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक सहज कळला, तोच दहा-बारा महिन्यांत कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कुणी करतच नव्हते. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी वीस वर्षांनी तालाबाबत तेच दाखवले. बल्गेरिया-मॅसेडोनियाच्या लोकनृत्यांतली असमान मात्रांची चलने उत्तर अमेरिकी मोठ्यांना कळत नाहीत, तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळांना कळतात, आणि वर्षाचे होईतो ती बाळेही मोठ्यांसारखी होतात. मात्र वर्षाच्या बाळाला दोनच आठवडे घरी ते संगीत ऐकवले की गेलेली जाण परत येते. मोठ्यांना तेवढ्याने येत नाही.

हे वाचले आणि मला रूपक आठवला. सात मात्रा, तीन-दोन-दोन. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. झपताल दहाचा, दोन-तीन-दोन-तीन. आपल्या पोरांच्या घरात, गल्लीत, मंडपात या विषम चलनांची रेलचेल होती. आता बालगीतांच्या नावाखाली यूट्यूबवर जे वाजते ते सगळे चार-चारच्या साच्यातले, मागे यंत्राचा एकसुरी ठोका. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. लघु-गुरु-गुरु, पाच मात्रांचा गण, ओळीत चार वेळा. ऱ्हस्व-दीर्घ पाळून म्हटले तर पाचाची चाल पोराच्या अंगात बसते. तिन्हीसांजेच्या परवच्यात श्लोकांपाठोपाठ पाढे यायचे, पावकी-निमकी-दिडकी यायची, आणि प्रत्येकाची म्हणण्याची लय वेगळी. त्यात पाठांतर होते, ते आता कुणाला नको आहे, ठीक. पण पाठांतराबरोबर लयही फेकून दिली. आज पहिलीतले मूल पाढे म्हणत नाही, ‘वाचते’.

वाचनाचाही इथे संबंध आहे. केंब्रिजच्या उषा गोस्वामी अनेक वर्षे सांगत आहेत की वाचनात अडखळणाऱ्या पुष्कळ मुलांना ठेका धरणेही जड जाते, कारण शब्दातली अक्षरे सुटी करणे आणि लयीतले ठोके ओळखणे यांत कानाचे काम बरेचसे एकच आहे. सिअ‍ॅटलला २०१६ साली नऊ महिन्यांच्या बाळांना चारेक आठवडे, एकूण बारा वेळा, तीन मात्रांच्या वॉल्ट्झवर पालकांबरोबर खेळवले. दुसरा गट नुसत्या खेळण्यांनी खेळला. संगीतवाल्या बाळांचे मेंदू नंतर संगीतातलीच नव्हे, बोलण्यातलीही लय चुकल्यावर जास्त सजग झालेले दिसले. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या संगीतवर्गांचा नीना क्राऊस यांनी जो अभ्यास केला तो तर माझ्या फार जवळचा आहे. एक वर्ष शिकून बोलण्याचे ध्वनी टिपण्यात फरक पडला नाही, दोन वर्षांनी पडला. तीन महिन्यांची फी घेणाऱ्यांनी तो भिंतीवर लावावा.

माझ्या वर्गात आम्ही तबल्याला हात लावण्याआधी बोल तोंडाने म्हणतो. पढंत. ‘धा’ला छाती, ‘ती’ला गाल, ‘ना’ला बोट. रूपकाची गंमत अशी, की त्याची समच खाली. टाळी नाही, तळवा उलटा करून हात हवेत. मोठ्या माणसांची इथे भंबेरी उडते, पहिल्या मात्रेवर त्यांचे हात आपोआप आपटतात. मागच्या बाकड्यावर आईच्या मांडीत बसणारा एक दोन-सव्वादोन वर्षांचा मुलगा आहे. तो ‘धीं ना’ला दोनदा टाळी देतो आणि शेवटच्या ‘ना’वर त्याचा हात वळायला लागतो. तळवा वर, बोटे फाकलेली, श्वास रोखलेला. सम आली की हात हवेत थांबतो आणि तो आईकडे बघतो. त्याला सात मोजता येत नाहीत, तीनच्या पुढे आकडे माहीत नाहीत. याने त्याचा बुद्ध्यंक किती वाढला, असे त्याच्या वडिलांनी मला विचारले होते. मी म्हटले, तुम्ही हात वळवून बघा आधी.

माझा हेका स्वयंभू नाही, त्याची मुळे याच जिल्ह्यातली आहेत. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातली म्हणू, कारण २०१४ मध्ये पालघर वेगळा निघाला. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसोरीची महागडी साधने वारली पाड्यावर आणायची कुठून? मग बिया, शिंपले, पाने, माती यांची साधने झाली. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरली. आणि या सगळ्याला जोडून ठेवणारे होते गाणे. हातवाऱ्यांचे, टाळ्यांचे, फेराचे. ज्यांच्या घरी तारप्यावर नाच चालतो त्या मुलांना लय शिकवायची नव्हती, तिच्यावरून अक्षरापर्यंत न्यायचे होते. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर गेली. नाव गेले, खिचडी गेली, वजनकाटा गेला. गाणे किती ठिकाणी गेले, याची मोजदाद कुणी केली नाही. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आजच्या प्री-प्रायमरीच्या चालकांनी वाचले आहे का, असे एका परिसंवादात मी विचारले. समोरून ‘ते कुठले मॉडेल?’ असा प्रश्न आला.

योगायोग असा, की कल्याण गायन समाजाची स्थापनाही १९२६ चीच. त्याच साली एकीकडे बालशिक्षणाचा संघ, दुसरीकडे गाण्याचा समाज. दोघांची गाठ मात्र पडली नाही. ज्यांनी मैफली केल्या त्यांना शिशुवर्ग हे बायकांचे काम वाटले, आणि बालशिक्षणवाल्यांना शास्त्रीय गाणे मोठ्यांचे. ठाण्याचे भूषण असलेले पंडित राम मराठे बालपणीच गाण्यात आणि रंगमंचावर वाढले. १९३८ च्या ‘गोपालकृष्ण’ चित्रपटात ते कृष्ण होऊन गायले. त्यांच्या लयीवरच्या हुकमतीची आठवण आजही ठाण्याच्या जुन्या श्रोत्यांत निघते. पालिका त्यांच्या नावाने दरवर्षी संगीत समारोह भरवते. त्यात एक सकाळ पाच वर्षांखालच्यांसाठी, जमिनीवर सतरंजी टाकून, ध्वनिक्षेपकाशिवाय ठेवावी, असे माझे जुने मागणे आहे. ज्यांच्यापुढे मांडले त्यांनी ‘मुले गोंधळ घालतात’ म्हणून हसून सोडून दिले. मुले गोंधळ घालतातच.

अलीकडच्या वर्षांचा इतिहास थोडक्यात आटोपते, कारण तो लिहिताना माझा रक्तदाब वाढतो. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘लिटिल चॅम्प्स’ गाजले आणि पुढच्या जूनला डोंबिवलीतल्या गाण्याच्या क्लासांपुढे चपलांचा ढीग लागला. मुले गोड होती, प्रश्न त्यांचा नव्हता. पण चार वर्षांच्या पोरीला मोठ्यांच्या पट्टीतले, मोठ्यांच्या विरहाचे गाणे घोटवून घ्यायचे आणि तिने हातवाऱ्यांसकट म्हटले की टाळ्या, ही चाल तेव्हापासून पडली. दुसरीकडे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. परीक्षांनी गावोगावी गाणे टिकवले, हे मी मान्य करते, माझी स्वतःची विशारद त्याच शिडीने झाली. पण सहा वर्षांच्या मुलाला ‘आरोह म्हणजे काय’ याची व्याख्या पाठ करायला लावणाऱ्या गुरुजनांशी माझे कधी जमले नाही, पुढेही जमणार नाही.

आणि मुळात बाळाशी गाणार कोण? आमच्या पट्ट्यातले आई-बाप सकाळची लोकल धरतात, बाळ पाळणाघरात. तिथल्या काकू भल्या असतात, पण दहा बाळांच्या मागे त्या गाणार कशा, त्या टीव्ही लावतात. गंमत म्हणजे याच लोकलच्या भजनी डब्यात कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत टाळ-चिपळ्यांवर खणखणीत अभंग चाललेले असतात. आमच्या इमारतीतले एक गृहस्थ त्यात आघाडीचे गायक आहेत. त्यांच्या नातवाला आजोबा गातात हे ठाऊकच नव्हते. मी त्यांना म्हटले, काका, गाडीत जे गाता त्यातला एक अभंग रोज घरी, नातू मांडीवर घेऊन. लाजले. सहप्रवाशांपुढे न लाजणारा माणूस नातवापुढे लाजतो.

कानाचेच एक सांगते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांत आहे. ढोल-ताशाच्या पथकाशेजारी आवाज शंभराच्या वर सहज जातो. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला, दिवाळीच्या पहाटेला डोंबिवलीच्या फडके रोडवर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर सहा महिन्यांची बाळे खांद्यावर घेऊन आई-बाबा पथकाला खेटून उभे राहतात, फोटो काढतात. हळदीच्या डीजेबद्दल तर बोलायला नको. मेंदू घडवायच्या पत्रकांना भुलणारे हेच लोक. बाळ जन्मल्यावर कान तपासण्याची साधी ओएई चाचणी होते, ती झाली का म्हणून विचारले तर निम्मे पालक एकमेकांकडे बघतात.

डीजेने ज्या हळदी गिळल्या त्याच हळदींत इथे एक मोठी गोष्ट होती. कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांत, दिव्यात, ठाण्याच्या खाडीकाठाला आगरी लग्नात धवला म्हणतात. विधी सांगणारी आणि गाणारी बाई, धवलारीण. मी पहिल्यांदा ऐकला तो मानपाड्याच्या बाजूला, एका जुन्या घराच्या ओटीवर. वाद्य कसलेही नव्हते. म्हातारी पाटावर बसलेली, मांडीवर कुणाचे तरी आठ-नऊ महिन्यांचे लेकरू, आणि तिचे अंग डावीकडून उजवीकडे संथ झुलत होते. तिची ओळ मधेच लांबायची, दुसरी बाई ती उचलायची. मी मात्रा मोजायचा प्रयत्न केला आणि दोनदा चुकले. लेकराचा पाय मात्र बरोबर तिच्या झुलण्यावर हलत होता. धवलारिणी आता थकल्या. लेकी-सुनांना ते ‘जुने’ वाटते, आणि आमच्यासारख्या शहरी संगीतवाल्यांना ते संगीत वाटत नाही. या दोन्ही अपराधांत दुसरा मोठा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा मानला, त्यात खेळ आणि गाण्याला जागा दिली. ते वाचून मी एका कार्यालयात अर्ज केला. सत्तावीस गावांतल्या अंगणवाड्यांत महिन्यातून एकदा गावातल्याच धवलारिणीला मानधन देऊन बोलवावे, तिने गावे, झुलावे, मुलांना मांडीवर घ्यावे. खर्च एका दिवसाच्या डीजेपेक्षा कमी. तिथल्या साहेबांनी अर्ज नीट वाचला आणि विचारले, ‘बाई, लग्नाची गाणी मुलांना कशाला? आणि हे अभ्यासक्रमाच्या कुठल्या रकान्यात दाखवू?’ मी त्यांना बल्गेरियाच्या तालांचा तो बाळांवरचा प्रयोग समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतले, चहा मागवला. अर्ज पुन्हा करा म्हणाले, सोबत संदर्भ जोडा. तो या आठवड्यात टंकून झाला आहे. रकान्याच्या जागी मी ‘भाषा आणि श्रवण’ लिहिले आहे, आणि खाली मानपाड्याच्या त्या गावातल्या दोन धवलारिणींचे अंगठे आहेत.